फ्रीजचा तापमान सेन्सर: बदलण्याआधी मोजून कसा बघायचा

फ्रीज नीट थंड करेना झाला की निदान ठरलेलं असतं: गॅस गेला. गॅस भरूनही फरक पडला नाही की मग बोर्ड, म्हणजे फ्रीज चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेला. या दोन्ही कामांत घरच्यांचे हजारो रुपये जातात आणि वाटाण्याएवढ्या तापमान सेन्सरकडे शेवटपर्यंत कुणी बघत नाही. खरं तर साधा मल्टिमीटर आणि ग्लासभर बर्फ एवढ्यावर नवशिक्याला खात्रीने 'चांगला' किंवा 'बिघडलेला' ठरवता येईल असे भाग फ्रीजमध्ये मोजकेच आहेत. सेन्सर त्यांपैकी एक. म्हणून फ्रीजचं काम शिकायला सुरुवात इथून करावी, असं माझं ठाम मत आहे.

आयटीआय करून नुकतंच कामाला लागलेल्या मुलामुलींना हे उपयोगी पडेल, आणि घरात मीटर बाळगणाऱ्या, हाताने काही करून बघायची आवड असलेल्या कुणालाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात काम करताना पावसाळ्याची ओल आणि संध्याकाळी पडणारा व्होल्टेज हमखास आडवे येतात. त्यांचा विचार त्या त्या ठिकाणी केला आहे.

सामान फार लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर, उणे तापमान दाखवणारा दांडीचा डिजिटल थर्मामीटर, चार टोकांचा स्क्रूड्रायव्हर, पॅनेल उचकटायला प्लास्टिकची पातळ पट्टी, काचेचा ग्लास, बर्फ, आणि कागद-पेन. तापाचा थर्मामीटर इथे चालणार नाही, तो एवढं खालचं तापमान दाखवतच नाही. कागद-पेन मात्र हवंच. आकडा लिहिला नाही तर दहा मिनिटांनी तो 'साधारण बरोबर होता' एवढाच आठवतो.

आधी जिवाची काळजी

या लेखातली सेन्सरची एकही मोजणी फ्रीज चालू असताना करायची नाही. बटण बंद करून थांबू नका, प्लग काढून बाजूला ठेवा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. तिथे बटण बंद केलं तरी फ्रीजमध्ये करंट येऊन थांबलेलाच असतो.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रीज असेल तर प्लग काढल्यावरही बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही मिनिटं राहू शकतो. निदान दहा मिनिटं थांबा, आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला बोट लावू नका.

तिसरी गोष्ट, मागचं लेबल वाचा. तिथे 'आर ६००ए' लिहिलेलं असेल तर आत आयसोब्युटेन आहे, म्हणजे पेट घेणारा वायू. अशा फ्रीजमध्ये बर्फ सुटावा म्हणून सुरी घालणं, लायटर किंवा हॉट एअर गन लावणं हे प्रकार अजिबात नकोत. सुरीचं टोक नळीत गेलं की गॅस खरोखरच जातो. बर्फ वितळायला दार उघडं ठेवून खाली फडकं अंथरा आणि वाट बघा. घाई असेल तर कोमट पाण्याचं भांडं आत ठेवा.

या फ्रीजमध्ये सेन्सर आहे का?

नवीन मुलांची पहिली गडबड इथेच होते. एकदाराच्या बऱ्याच फ्रीजमध्ये, ज्यात आत फिरवायचा खटका आणि त्याच्या मधोमध डीफ्रॉस्टचं बटण असतं, त्यात इलेक्ट्रॉनिक सेन्सर नसतोच. तिथे यांत्रिक थर्मोस्टॅट असतो. त्याची केसासारखी बारीक तांब्याची नळी फ्रीझरच्या पत्र्याला टेकवलेली असते. नळीतला वायू गार होऊन आकसला की आतला संपर्क तुटतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो.

तो तपासणं सोपं आहे. प्लग काढा, थर्मोस्टॅटच्या दोन वायरी सोडवा आणि मीटर कंटिन्युटीवर ठेवा, म्हणजे वाट जोडलेली असली की बीप देणाऱ्या खुणेवर. फ्रीज खोलीच्या तापमानाला आलेला असेल आणि खटका शून्यावर नसेल तर बीप आलाच पाहिजे. आला नाही तर नळीतला वायू निसटला आहे, थर्मोस्टॅट बदला. उलट, फ्रीझर कडकडीत गार असताना खटका सगळ्यात कमीवर आणूनही बीप चालूच राहिला तर संपर्क चिकटलाय. एकदाराच्या फ्रीजचा विषय इथे संपला. पुढचं सगळं दोनदारी फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजबद्दल, आणि बोर्ड असलेल्या नव्या एकदारी फ्रीजबद्दल.

फ्रॉस्ट-फ्रीमध्ये साधारण दोन किंवा तीन सेन्सर सापडतात. एक खालच्या कप्प्यात, बाजूच्या भिंतीवर किंवा मागच्या हवेच्या झरोक्याजवळ, जाळीच्या छोट्या पांढऱ्या झाकणाआड. दुसरा फ्रीझरच्या मागच्या पॅनेलच्या आत, कॉइलच्या नळीला क्लिपने अडकवलेला. तो डीफ्रॉस्ट सेन्सर, कॉइलवरचा बर्फ वितळवणारा हीटर कधी थांबवायचा ते बोर्डाला सांगणारा. काही मॉडेलना तिसरा असतो, बाहेरची हवा मोजणारा, वरच्या बिजागरीच्या किंवा डिस्प्लेच्या आसपास. जुन्या फ्रॉस्ट-फ्रीमध्ये डीफ्रॉस्ट सेन्सरच्या जागी बायमेटल असतो, गोल बटणासारखा. तो फक्त चालू किंवा बंद असतो, त्यामुळे खाली दिलेले आकडे त्याला लागू नाहीत.

सेन्सर काम कसा करतो

फ्रीजमधला हा सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर. गार झाला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, गरम झाला की कमी होतो. बोर्ड तो रेझिस्टन्स वाचतो आणि त्यावरून आत किती थंडी आहे ते ठरवतो. बोर्डाला दुसरं काही दिसत नाही. सेन्सर जे सांगेल ते खरं.

नवीन माणसाचा गोंधळ या उलट्या चालीत होतो, म्हणून वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: आकडा वाढला म्हणजे थंडी वाढली.

बाजारात १० किलो-ओम आणि ५ किलो-ओमचे सेन्सर भरपूर दिसतात. हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा असतो. काही कंपन्या २ किंवा २.७ किलो-ओमचेही वापरतात. ढोबळ अंदाज असा:

१० किलो-ओमचा सेन्सर: २५ अंशाला १०, बर्फाच्या पाण्यात शून्य अंशाला २७ ते ३३, उणे १८ ला ६० ते ९० किलो-ओम.

५ किलो-ओमचा सेन्सर: २५ अंशाला ५, शून्य अंशाला १३ ते १६ किलो-ओम.

आकड्यांत एवढी फाक का, तर प्रत्येक सेन्सरचा चढ वेगळा असतो. त्याला बी-व्हॅल्यू म्हणतात, ३४३५ किंवा ३९५० अशी. त्यामुळे तुमच्या मॉडेलचा तक्ता सर्व्हिस शीटमध्ये (कंपनीच्या दुरुस्तीच्या माहितीपत्रकात) मिळाला तर तोच धरा. हे आकडे तक्ता नसताना दिशा कळण्यापुरते.

पॅनेल खोलण्याआधी

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याची घाई नको. आधी या गोष्टी बघून घ्या, बरेच फ्रीज इथेच सुटतात.

व्होल्टेज दुपारी मोजून उपयोग नाही. उसाच्या पट्ट्यात मोटारी सुरू झाल्या की घरातला दाब किती उतरतो ते गावात सगळ्यांना माहीत असतं. तक्रार संध्याकाळची असेल तर संध्याकाळीच सॉकेटवर मोजा. हे एकच मोजमाप चालू लाईनवर करायचं आहे, त्यामुळे मीटर एसी व्होल्टवर आहे आणि पिनांचं प्लास्टिक फाटलेलं नाही हे आधी पाहा. २३० च्या ठिकाणी १७०-१८० दिसत असेल आणि मागून कॉम्प्रेसर 'टक' करून परत गप्प होत असेल, तर सेन्सरचा विचार बाजूला ठेवा. आधी स्टॅबिलायझर, आणि सगळ्या घरातच दाब खालीवर होत असेल तर लाईनमनला सांगून न्यूट्रलचा जोड तपासून घ्या.

दाराचं रबर कागदाने बघा. कागदाचा तुकडा दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर तिथून हवा जाते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की रबराला थोडी फट असली तरी फ्रीझरच्या कॉइलवर बर्फाचा थर चढतो, आणि लक्षणं हुबेहूब सेन्सर बिघडल्यासारखी दिसतात.

पंख्याचा आवाज ऐका. फ्रीझरचं दार उघडून दाराचा स्विच बोटाने दाबून धरा. बऱ्याच मॉडेलमध्ये तेव्हा आतला पंखा फिरताना ऐकू येतो. नुकतंच डीफ्रॉस्ट चालू झालं असेल तर पंखा थांबलेला असू शकतो, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा ऐका.

आणि विचारा. गणपतीच्या दिवसांत दार दिवसभर उघडझाक होतं, गरम दुधाचं पातेलं तसंच आत जातं, भाजी झरोक्याला टेकवून कोंबलेली असते. अशा वेळी फ्रीज कमी गार वाटणं हा बिघाड नाही.

खरं तापमान मोजा

डिस्प्लेवरचा आकडा हे मोजमाप धरू नका. काही मॉडेलवर तो फक्त तुम्ही ठेवलेलं सेटिंग दाखवतो. आणि मोजलेलं तापमान दाखवत असला तरी ते याच सेन्सरचं, ज्याच्यावर आपला संशय आहे.

मधल्या फळीवर ग्लासभर पाणी ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी दार उघडल्याबरोबर थर्मामीटर पाण्यात बुडवून वाचा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं बदलत नाही. म्हणून ग्लास. २ ते ५ अंशांच्या मध्ये असेल तर खालचा कप्पा ठीक आहे. फ्रीझरमध्ये गोठलेल्या दोन पाकिटांच्या मधोमध थर्मामीटर दाबून ठेवा, तिथे उणे १८ च्या आसपास पाहिजे.

हे दोन आकडे मिळाले की निम्मं निदान झालं. एकाच कॉइलच्या फ्रॉस्ट-फ्रीमध्ये फ्रीझर व्यवस्थित उणे १८ ला आहे आणि खालचा कप्पा मात्र १२ अंशांवर, असं दिसलं तर गॅस कमी झालाय असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. गॅस कमी असता तर फ्रीझरही ढिला पडला असता. अडचण हवा खाली येण्यात आहे किंवा सेन्सरच्या सांगण्यात.

लक्षण कुठल्या बाजूला बोट दाखवतं

सेन्सर पूर्ण तुटला किंवा शॉर्ट झाला तर काम सोपं. बोर्डाला अशक्य आकडा दिसतो, तो कोड दाखवतो किंवा दिवा लुकलुकवतो. कोडचा अर्थ दर कंपनीचा वेगळा, त्या मॉडेलची शीट बघा. अशा वेळी बरेच बोर्ड कॉम्प्रेसर ठरावीक वेळ चालू, ठरावीक वेळ बंद असा चालवत राहतात. त्यामुळे घरच्यांना 'फ्रीज चालू तर आहे' असंच वाटतं.

खरा त्रास देतो तो सरकलेला सेन्सर. तो आकडा देतो, पण चुकीचा. कोड येत नाही, दिवा लुकलुकत नाही. इथे डोकं वापरावं लागतं.

समजा रेझिस्टन्स खऱ्यापेक्षा कमी झालाय. बोर्डाला वाटतं आत ऊब आहे. तो कॉम्प्रेसर चालूच ठेवतो. खालच्या कप्प्यातली मेथी काचेसारखी कडक होते, दह्यावर बर्फाचे खडे येतात, बिल चढतं. बहुतेक वेळा सेन्सरच्या टोपीला बारीक चीर गेलेली असते, आत ओल शिरते आणि करंटला दुसरी वाट मिळते.

आता उलट, रेझिस्टन्स वाढलाय. बोर्डाला वाटतं आत भरपूर थंडी आहे. कॉम्प्रेसर लवकर बंद होतो, दूध नासतं, पण मशीन दिसायला अगदी शांत आणि निरोगी. इथे सेन्सर चांगला असूनही वायरीचा जोड किंवा कनेक्टरची पिन गंजलेली सापडते. गंज स्वतःचा रेझिस्टन्स त्यात मिसळतो. १० किलो-ओमच्या सेन्सरच्या वाटेत गंजाने ५ किलो-ओमची भर घातली तर ४ अंशांच्या जागी बोर्डाला शून्याच्या आसपास दिसतं. म्हणजे आतली खरी ऊब चार अंशांनी जास्त राहते, आणि तेवढ्यावर दूध टिकत नाही.

डीफ्रॉस्ट सेन्सरचं वेगळं. कॉइलवर बर्फ असताना तो 'ऊब आहे' असं सांगायला लागला तर बोर्ड हीटर लावल्याबरोबर बंद करतो, किंवा लावतच नाही. बर्फ साचत जातो, हवेची वाट बंद होते. आधी खालचा कप्पा गरम होतो, फ्रीझर अजून चांगला असतो, काही दिवसांनी तोही ढिला पडतो. फ्रीज एक दिवस पूर्ण बंद ठेवून चालू केला की आठवडाभर मस्त चालतो आणि मग परत तेच, असं घरचे सांगत असतील तर गाडी डीफ्रॉस्टकडे वळवा: सेन्सर, हीटर, थर्मल फ्यूज (हीटर फार तापला तर तुटणारा), तिन्ही.

मीटर लावणे

आधी मीटरचीच परीक्षा घ्या. दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, शून्याच्या जवळ आलं पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० किलो-ओमचा एक रेझिस्टर आणून पिशवीत ठेवा आणि तो मोजून बघा. मीटरचा सेल उतरला असेल तर आकडे फसवतात.

रेंज हा नवशिक्यांचा मोठा सापळा. स्वस्त पिवळ्या मीटरवर डाव्या बाजूला नुसता '१' दिसला की मुलं म्हणतात सेन्सर ओपन, म्हणजे आतून तुटलेला. त्याचा अर्थ एवढाच की आकडा या रेंजच्या बाहेर आहे. १० किलो-ओमचा सेन्सर बर्फात ३० च्या आसपास जातो, म्हणजे २० किलोच्या रेंजवर तो चांगला असूनही '१' दाखवणार. २०० किलोची रेंज घ्या. तिथेही आणि २ मेगावरही '१' राहिला, तरच ओपन म्हणा.

सेन्सरचा कनेक्टर बोर्डापासून सोडवूनच मोजा. जोडलेला असताना मोजलं तर बोर्डावरचे रेझिस्टर मध्ये येतात. आणि पिनांच्या धातूला बोटं लावू नका. घामेजल्या किंवा पावसात भिजलेल्या दोन्ही हातांनी पिना धरल्या तर तुमचं शरीरही त्या मार्गात जोडलं जातं. शरीराचा रेझिस्टन्स १०० किलो-ओम धरला तर ३० चा सेन्सर २३ दाखवतो, आणि चांगला सेन्सर तुम्ही फेकून द्याल. मगर-क्लिपच्या वायरी वापरा, हा प्रश्नच मिटतो.

आता बर्फाची चाचणी. सगळ्यात जास्त विश्वास हिच्यावर ठेवा. फ्रीझर बंद असेल तर शेजारून बर्फ मागून आणा. फडक्यात बांधून बारीक ठेचा, ग्लास भरा आणि फक्त फटी भरतील एवढंच पाणी घाला. मीठ नको, मिठाने तापमान शून्याच्या खाली जातं. ढवळा. थर्मामीटर शून्य दाखवायला लागला की सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फात पूर्ण बुडवा आणि ग्लासच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. प्लास्टिकच्या टोपीतून थंडी आत पोचायला वेळ लागतो, म्हणून पाच ते दहा मिनिटं थांबा. आकडा चढत चढत एका जागी थांबतो. थांबला की लिहा.

उकळत्या पाण्यात सेन्सर घालून बघायची काहींना सवय आहे. ती करू नका. टोपीचा जोड त्याने सुटू शकतो, आणि फ्रीजच्या कामाचा पट्टा शून्याच्या आसपासचा आहे, शंभराच्या नाही.

मग सेन्सर बाहेर काढून मुठीत धरा. आकडा सावकाश, एकसारखा खाली आला पाहिजे. मध्येच उडी मारली, किंवा वायर थोडी हलवल्यावर उडी मारली, तर आत जोड तुटका आहे. असा सेन्सर बर्फाच्या चाचणीत पास झाला तरी बदला.

तक्ता नसेल तर एक युक्ती आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये खालचा सेन्सर आणि डीफ्रॉस्ट सेन्सर एकाच मूल्याचे असतात. दोन्ही खोलीच्या तापमानाला मोजून बघा. जवळजवळ सारखे असतील तर दोन्ही एकाच ग्लासात बुडवा आणि शेजारी शेजारी वाचा.

वडगावातल्या एका घरचं उदाहरण देतो. तक्रार काकूंच्या शब्दांत अशी होती: "फ्रीज चांगला चालायलाय बघ, पण भाजी सगळी गोठायलीय. कमीवर ठेवला तरी तसंच." ग्लासातलं पाणी सकाळी वरून बर्फ धरलेलं. कोड काही नाही. सेन्सर ५ किलो-ओमचा. खोलीत दोन्ही सेन्सर थोड्या फरकाने सारखेच दिसले, त्यामुळे तिथेच थांबलो असतो तर दोन्ही पास झाले असते. बर्फाच्या ग्लासात मात्र डीफ्रॉस्ट सेन्सर १६ वर थांबला आणि खालच्या कप्प्याचा ११ वर. ५ किलो-ओमच्या या जातीला ११ म्हणजे साधारण ८ अंश. खरं शून्य असताना बोर्डाला ८ वाटत होतं, मग तो कॉम्प्रेसर का थांबवेल? काकूंना दोन्ही आकडे कागदावर दाखवले. "म्हणजे गॅस भरायचा नाही?" एवढंच त्यांनी विचारलं. नाही भरायचा. टोपीच्या बुडाशी, वायर आत जाते तिथे, नखाएवढी चीर होती.

ओलीमुळे होणारा बिघाड खोलीच्या तापमानाला लपतो आणि थंडीत उघडा पडतो. सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टन्स कमी असताना ओलीची चोरवाट फारशी जाणवत नाही, तो वाढला की जाणवते. म्हणून खोलीत एकदा मोजून 'ठीक आहे' म्हणणारा निकाल मी मानत नाही.

वायर आणि कनेक्टर

सेन्सरच्या टोकाशी एक आकडा घ्या, मग त्याच वायरीच्या दुसऱ्या टोकाला, बोर्डाच्या कनेक्टरशी, दुसरा घ्या. सेन्सर त्या वेळात एकाच तापमानाला राहिला पाहिजे, म्हणजे बर्फातच ठेवा. दोन्ही सारखे आले तर वायर चांगली. बोर्डाकडे जास्त आला तर मध्ये कुठे तरी गंज किंवा तुटका जोड आहे. पिनांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसते का ते उजेडात बघा. पावसाळ्यानंतर येणाऱ्या तक्रारींत हे नेहमीचं. उंदराने कुरतडलेली वायरही बघा, गावाकडच्या घरांत बोर्ड मागच्या बाजूला असेल तर खासकरून.

पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळू द्या, परत मोजा. आकडे जुळले तर सेन्सर बदलायची गरज नाही.

सेन्सर, वायर, कनेक्टर तिन्ही चांगले निघाले तर मग पुढे जा: पंखा, खालच्या कप्प्यात हवा सोडणारं झाकण, हीटर, थर्मल फ्यूज. बोर्ड सगळ्यात शेवटी. चालू बोर्डावर मोजण्या करायच्या असतील तर अनुभवी माणसाबरोबर बसून शिका, लेख वाचून नको.

नवीन सेन्सर बसवताना

दुकानात 'फ्रीजचा सेन्सर द्या' म्हणून चालत नाही. दाराच्या आतल्या किंवा मागच्या लेबलचा मॉडेल नंबराचा फोटो आणि जुना सेन्सर दोन्ही घेऊन जा. रेझिस्टन्स आणि बी-व्हॅल्यू दोन्ही जुळली पाहिजेत. १० च्या जागी ५ चा बसवला तर बोर्डाला कायम ऊब वाटणार आणि तुम्ही नवीनच बिघाड तयार करणार. विकत घेतलेला नवा सेन्सरही बसवण्याआधी बर्फात मोजा.

सेन्सरला प्लस-मायनस नसतं, दोन्ही वायरी कशाही जोडल्या तरी चालतात. जोड मात्र नीट पाहिजे. नुसती काळी टेप गुंडाळून आत सोडलेला जोड एखाद्या पावसाळ्यात परत बोलावतो. जेल भरलेले क्रिंप जोड वापरा, म्हणजे फ्रीजच्या आत ना सोल्डर लागतं ना लायटर. जोड सेन्सरपेक्षा वर ठेवू नका. वायर थोडी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी टोपीत शिरत नाही.

सेन्सर होता त्याच जागी, त्याच क्लिपमध्ये बसला पाहिजे. डीफ्रॉस्ट सेन्सर कॉइलच्या नळीला घट्ट टेकलेला हवा. खालच्या कप्प्याचा सेन्सर झाकणाआड मोकळ्या हवेत हवा, भिंतीच्या फोममध्ये दडपलेला नको. जागा बदलली की चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो.

पॅनेल लावा, प्लग घाला, सेटिंग मध्यावर ठेवा, ग्लासभर पाणी परत मधल्या फळीवर. निकाल लगेच देऊ नका, २४ तास द्या. पाणी ३-४ अंशांवर आणि फ्रीझर उणे १८ च्या आसपास आला, कॉम्प्रेसर मधून मधून बंद होऊ लागला, की काम झालं. जुना सेन्सर घरच्यांच्या हातात द्या. तारीख, मॉडेल, जुन्या आणि नव्या सेन्सरचा बर्फातला आकडा, ग्लासातलं तापमान आणि संध्याकाळचा व्होल्टेज एका चिठ्ठीवर लिहून ती फ्रीजच्या बाजूला, पाणी लागणार नाही अशा ठिकाणी चिकटवा. पुढच्या वेळी तिथे दुसरा कुणी आला तरी त्याला मोजायला सुरुवात कुठून करायची ते कळेल.